गाडगेबाबांच्या धर्मशाळा

जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके होत. पावसाळ्यात येथे नागली, वरई व भात पिकते. सुगी सरली, की वावरसारख्या गावांतील कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यापर्यंत खोपीत दिवस काढतात. अशा कुटुंबांत कोणी फार आजारी पडले, तर त्यास मोखाड्यावरून त्र्यंबकच्या वाटेने नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. रोग्याला तेथे खाट मिळते. परंतु त्याच्याबरोबर आलेल्या आईने रात्री कोठे पाठ टेकावी? परक्या शहरात ओळखीचे घर नाही, आणि खोलीचे भाडे देण्यास गाठीला पैसा नाही. हाच प्रश्न एका अक्षरशत्रू माणसाने जन्मभर मनाशी धरला आणि त्याचे उत्तर दगडचुन्यात बांधून दिले. तो माणूस म्हणजे संत गाडगे महाराज.

त्यांचे मूळचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या आहारी गेले आणि डेबूजी लहान असतानाच वारले. पोराला घेऊन सखुबाईंना माहेरी, दापुरे येथे, आश्रय घ्यावा लागला. आपले घर मोडले म्हणजे काय होते, हे डेबूजींनी असे बालपणीच पाहिले. मामाच्या घरी ते गुरे राखू लागले, पुढे उत्तम नांगर धरू लागले. पण मामाने कर्जाच्या कागदावर अंगठा दिला होता, आणि कागदावर काय लिहिले आहे ते घरात कोणालाच वाचता येत नव्हते. सावकाराने जमीन गिळली. मामा त्या धसक्याने खचला. विद्येवाचून गरिबाचे कसे हाल होतात, हे सांगताना पुढे बाबांचा आवाज इतका कळवळे, त्याचे मूळ मला या प्रसंगात दिसते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, पत्नी कुंताबाई व मुले यांना मागे ठेवून डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा. मातीचे एक फुटके गाडगे ते ऊन लागले तर डोक्यावर पालथे घालीत आणि भाकरी मिळाली तर तिच्यासाठी पुढे करीत. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले, की ते आधी रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कोणी पाया पडू लागले, तर ते त्यांस मुळीच खपत नसे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. तेथील चिखलात यात्रेकरू घसरून पडत. १९०८ मध्ये बाबांनी तेथे घाटाचे काम हाती घेतले आणि स्वतः माती-दगड वाहिले.

पण खरी कसोटी पंढरपूरला होती. आषाढीला लाखो वारकरी येत. मुखाने सारे एकाच विठ्ठलाचे नाव घेत. तथापि ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानीत, त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता आणि मुक्कामाच्या जागीही थारा नव्हता. कोसळत्या पावसात लेकुरवाळ्या बाया चंद्रभागेच्या वाळवंटात कुडकुडत बसत. महार कुळात जन्मलेल्या संत चोखामेळ्याची समाधीही मंदिराच्या दारापाशी, बाहेरच आहे. त्याच चोखोबाचे नाव देऊन बाबांनी १९१७ च्या सुमारास या वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभारण्यास हात घातला. विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या कितीतरी वर्षे आधी धर्मशाळेचे दार उघडले होते! १९४९ मध्ये बाबांनी ही इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

आळंदी, देहू, नाशिक, मूर्तिजापूर अशा ठिकाणीही त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पैसा कोठून आला? कीर्तनास हजारो लोक जमत. त्यांत शेतकरी असत, तसे धनवंत व्यापारीही असत. बाबा त्यांना देवळाचा कळस चढविण्यास सांगत नसत. भुकेल्यास अन्न आणि बेघरास आसरा द्या, असे विनवीत. कोणी विटा देई, कोणी लाकूड, कोणी रोकड. हिशेब मात्र विश्वासू माणसे ठेवीत, बाबा पैशाला शिवत नसत. या इमारतींवर त्यांनी स्वतःचा वा आपल्या नातलगांचा काडीइतका हक्क ठेवला नाही. ते स्वतः बहुधा झाडाखाली किंवा कोठेतरी उघड्यावरच निजत. कुंताबाईंनी आणि मुलांनी यासाठी काय सोसले, हे चरित्रकार थोडक्यात आटोपतात. आपण ते विसरू नये.

उतारवयात बाबांचे लक्ष तीर्थांकडून रुग्णालयांकडे वळले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत आणि त्यांचे सोबती पदपथावर चूल मांडीत. १९५४ मध्ये बाबांनी त्यांच्यासाठी तेथे धर्मशाळा उभी केली. त्याआधी, ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, या साऱ्या कामाची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांनी गाडगे महाराज मिशन स्थापन केले होते.

२० डिसेंबर १९५६ रोजी बाबांना मोटारीतून अमरावतीस नेत असता वाटेत, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, त्यांची प्राणज्योत मालवली. ५१ वर्षांपूर्वी धरलेली वाट तेथे संपली. मृत्यू आला तोही वाटेवरच.

त्यांच्या पश्चात मुंबईत दादरला त्यांच्या नावाची मोठी धर्मशाळा झाली. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावरील उपचारांसाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेले गरीब लोक तेथे उतरतात. तरीही सर्वांनाच जागा पुरत नाही. त्या रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर, अंगाखाली चटई आणि उशाला तपासणीचे कागद घेऊन निजलेली माणसे आजही दिसतात.