आइनस्टाइन यांच्या पोटातली फसवी गाठ



अल्बर्ट आइनस्टाइन यांचा सापेक्षतावाद आपण मुलांना सांगतो. आज त्यांच्या आयुष्यातली एक वेगळी गोष्ट पाहू.

आइनस्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म येथे झाला. १९२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. पाइप मात्र त्यांच्या तोंडातून सहसा सुटला नाही.

त्यांना पोटदुखी वारंवार छळायची. डिसेंबर १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या रुग्णालयात डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचं पोट उघडलं. निसेन हेही जर्मनी सोडून आलेले. आत दिसली मोसंबीएवढी फुगलेली महाधमनी! हृदयाकडून रक्त खाली नेणारी ही मुख्य नळी. पोटात ती साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. तिची भिंत कमजोर झाली की सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा तिला फुगा येतो. तो हाताला लागला तर जठरातली गाठ वाटू शकते. फरक एवढाच, की हा फुगा नाडीसारखा उडतो.

तेव्हा धमनी बदलण्याची सोय नव्हती. निसेन यांनी तिच्याभोवती सेलोफेन गुंडाळला, म्हणजे भेटवस्तूला लावतो तो पारदर्शक कागद. त्यामुळे बाहेरची ऊती घट्ट होऊन भिंतीला आधार मिळतो. या आधारावर आइनस्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले.

एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटू लागला. दुखणं मात्र पित्ताशयाच्या सुजेसारखं भासत होतं. अशा फसव्या लक्षणांना डॉक्टर पुढे ‘आइनस्टाइन साइन’ म्हणू लागले. एव्हाना धमनी बदलण्याची शस्त्रक्रिया निघाली होती. डॉक्टरांनी ती सुचवली, पण आइनस्टाइन यांनी शांतपणे नकार दिला. ओढूनताणून आयुष्य वाढवणं त्यांना नको होतं. रुग्णालयातही त्यांनी चष्मा आणि गणिताचे कागद मागवून घेतले. १८ एप्रिल १९५५ च्या पहाटे, वयाच्या ७६ व्या वर्षी ते गेले.

आता जरा आपल्या घराकडे बघा. विडी-सिगारेट ओढणारे आजोबा पोट किंवा पाठ दुखते म्हणाले, की आपण ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडून देतो. तसं करू नका. साध्या सोनोग्राफीत हा फुगा दिसतो आणि वेळेत कळला तर उपचार होतात. अचानक जोराचं दुखून चक्कर आली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.

मुलांना आइनस्टाइन यांची बुद्धी जरूर सांगा. सोबत त्यांच्या पाइपची गोष्टही सांगा.