किल्डेअरची संत ब्रिजिड : ओकवृक्षाखालील ख्रिस्तमंदिर

१ फेब्रुवारी हा किल्डेअरच्या संत ब्रिजिडचा सण होय. संत पॅट्रिक व संत कोलंबा यांच्या बरोबरीने तिला आयर्लंडची आश्रयदाती संत मानले जाते. चौदाव्या शतकातील स्वीडनची संत ब्रिजिट ती निराळी. आम्ही येथे जिचे स्मरण करीत आहोत ती त्या आधी सुमारे नऊशे वर्षे होऊन गेली.

परंपरेनुसार ब्रिजिडचा जन्म इ.स. ४५१ च्या सुमारास झाला. तिचे वडील सरदार होते, तर आई दासी होती, असे जुनी चरित्रे सांगतात. दारिद्र्य व परावलंबन तिने लहानपणीच जवळून पाहिले. आईने दूध घुसळून लोणी काढण्यास बसविले असता, काढलेले लोणी तिने दारी आलेल्या गोरगरिबांना वाटून टाकले. हिशेब देण्याची वेळ आली, तेव्हा तिने प्रार्थना केली आणि रिकामे भांडे भरून आले, अशी कथा आहे. वडिलांची रत्नजडित तलवारही तिने एका कुष्ठरोग्याला देऊन टाकल्याचे सांगतात. घरच्यांनी विवाहाचा विचार केला, परंतु तिने आपले जीवन प्रभू येशू ख्रिस्ताला अर्पण करण्याचा निश्चय केला. बिशपांच्या हस्ते तिने व्रतस्थ कुमारिकेचे शुभ्र वस्त्र स्वीकारले.

डब्लिनच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या किल्डेअर येथे, इ.स. ४८० च्या सुमारास, तिने मठ स्थापन केला असे परंपरा सांगते. किल्डेअर या नावाचा अर्थच मुळी ओकवृक्षाचे मंदिर असा आहे. ह्या मठाचे वैशिष्ट्य असे की, तेथे व्रतस्थ स्त्रिया आणि व्रतस्थ पुरुष असे दोन्ही समुदाय नांदत. बिशपपदासाठी ब्रिजिडने कॉनलेथ या तपस्वी पुरुषाला पाचारण केले. ते धातुकामात निपुण होते. आध्यात्मिक अधिकार बिशपांकडे व मठाची धुरा मठाध्यक्षेकडे, अशी ती व्यवस्था पुढे कित्येक शतके टिकली. इ.स. ५२५ च्या सुमारास ब्रिजिडने देह ठेवला.

सातव्या शतकात किल्डेअरच्याच कोगितोसुस नामक मठवासीयाने तिचे चरित्र लॅटिन भाषेत लिहिले. त्यात तत्कालीन ख्रिस्तमंदिराचे वर्णन आहे. वेदीच्या दोन बाजूंना ब्रिजिड व कॉनलेथ यांच्या सोन्याचांदीने मढविलेल्या कबरी होत्या आणि त्यांवर मुकुट टांगलेले होते. मध्ये लाकडी पडदी होती. पुरुष उजव्या दाराने प्रवेश करीत, तर स्त्रिया डाव्या दाराने. मात्र छप्पर एक, वेदी एक आणि प्रार्थना एक. संकटात सापडलेल्यांना त्या मठनगरीत अभय मिळे. सणाच्या दिवशी तेथे मोठी गर्दी लोटत असे.

त्याच चरित्रातील एक प्रसंग आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. बिशप कॉनलेथ मोठ्या सणांना परिधान करीत ती परदेशाहून आलेली मौल्यवान मिस्सावस्त्रे ब्रिजिडने गरिबांना देऊन टाकली. मंदिराच्या वैभवापेक्षा दारातील याचकाची गरज तिला अधिक तातडीची वाटली.

पुढे ह्या पवित्र स्थानावर अनेक आघात झाले. नवव्या शतकात व्हायकिंगांनी त्याची लूट केली. ब्रिजिडचे अवशेष सुरक्षिततेसाठी डाउनपॅट्रिक येथे हलविण्यात आले, असे सांगतात. इ.स. ११३२ मध्ये लाइन्स्टरचा राजा डर्मट याच्या माणसांनी मठावर हल्ला करून मठाध्यक्षेची विटंबना केली व तिला पदावरून दूर सारले. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राजाने केलेले हे पाप आम्ही झाकून ठेवू नये.

बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने किल्डेअरच्या अग्नीचे वर्णन लिहून ठेवले. एकोणीस भगिनी एकेका रात्री तो अग्नी राखीत. विसाव्या रात्री तो स्वतः ब्रिजिडवर सोपविला जाई, अशी श्रद्धा होती. सोळाव्या शतकात मठ बंद पडले आणि तो अग्नीही विझला. आज त्या जागी उभे असलेले कॅथेड्रल अँग्लिकन पंथाच्या चर्च ऑफ आयर्लंडचे आहे. शेजारी सुमारे ३३ मीटर उंचीचा मध्ययुगीन गोल मनोरा आहे.

सोन्याचांदीच्या कबरी गेल्या, मुकुट गेले, अधिकारही गेला. परंतु ब्रिजिडची आठवण गेली नाही. तिच्या सणाच्या वेळी आयर्लंडमध्ये लव्हाळ्याचे क्रूस विणून घराच्या दारावर लावतात. इ.स. १९९३ मध्ये ब्रिजिडाईन भगिनींनी किल्डेअर येथे तो अग्नी पुन्हा प्रज्वलित केला, आणि २०२३ पासून तिच्या सणानिमित्त आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी दिली जाते.

आम्ही आपापल्या धर्मग्रामात मंदिरे बांधतो, ती सजवितो. ते योग्यच आहे. परंतु जे टिकले ते ब्रिजिडने दिलेले, जपून ठेवलेले नव्हे. वेदीवरील भरजरी वस्त्र आणि दारातील उघडा देह यांत निवड करण्याची वेळ आली, तर आम्ही काय करू? संत ब्रिजिड, आम्हांसाठी विनंती कर.