रोनाल्ड रॉस

सर रोनाल्ड रॉस (जन्म : अल्मोडा, १३ मे १८५७, मृत्यू : लंडन, १६ सप्टेंबर १९३२) हे हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे प्रयोगाने दाखविणारे ब्रिटिश वैद्यक संशोधक होते. १९०२ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. द्विपंखी गणातील एका अनोळखी लहानशा कीटकाची ओळख पटविण्यात त्यांची दोन वर्षे खर्ची पडली, आणि त्यांच्या यशाइतकाच त्यांच्या चुकांचा इतिहासही अभ्यसनीय आहे.

पूर्वायुष्य

रॉस यांचे वडील हिंदुस्थानातील सैन्यात अधिकारी होते. वयाच्या आठव्या वर्षी रोनाल्ड यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. चित्रकला, संगीत आणि काव्य यांकडे त्यांचा ओढा होता. परंतु वडिलांच्या आग्रहामुळे त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले. एका परीक्षेत ते नापासही झाले. १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत त्यांचे लक्ष कादंबरीलेखन व गणित यांतच अधिक होते. बंगळूरला असताना मात्र निवासाजवळच्या पिंपातील साचलेल्या पाण्यात डास वाढतात व ते पाणी काढून टाकले की डास कमी होतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

मॅन्सन यांची भेट

हिवतापाचा परजीवी रोग्याच्या रक्तात असतो हे फ्रेंच सैनिकी वैद्य लाव्हरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात पाहिले होते. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेलेल्या रॉस यांना पॅट्रिक मॅन्सन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला आणि डासांशी त्याचा संबंध असावा हा आपला तर्क सांगितला. डास रक्त पिऊन पाण्यात मरतो आणि ते पाणी पिणाऱ्यास हिवताप होतो, अशी मॅन्सन यांची समजूत होती. तिचा पहिला भाग खरा ठरला, दुसरा खोटा. १८९५ मध्ये मुंबई बंदरात उतरताच रॉस हिवतापाच्या रोग्यांच्या शोधात तेथील रुग्णालयात गेले आणि नंतर सिकंदराबादला रुजू झाले.

डासाची ओळख

सिकंदराबादेत रॉस यांच्यापाशी डासांच्या जाती ओळखण्याचे साधन नव्हते. कीटकशास्त्राचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते, हाताशी उपयुक्त ग्रंथही नव्हता. म्हणून रंगरूपावरून त्यांनी स्वतःच नावे ठेवली : करडे डास, पट्टेरी डास. आजच्या वर्गीकरणात हे क्यूलेक्स व एडीस या प्रजातींचे डास होत. त्यांना रोग्यांचे रक्त पाजून रॉस यांनी असंख्य विच्छेदने केली. हाती काही लागले नाही. ज्या डासांत मानवी हिवतापाचा परजीवी वाढतच नाही, त्यांच्यात तो शोधला जात होता.

१८९७ मध्ये उटकमंडजवळच्या सिगूर घाटात रॉस यांना स्वतःलाच हिवताप झाला. तेथे भिंतीवर निराळ्या ढबीने बसलेला, पंखांवर ठिपके असलेला एक डास त्यांना दिसला. ही ढब हीच अ‍ॅनोफिलिसची सर्वांत सोपी खूण होय. क्यूलेक्स भिंतीला समांतर, पाठीत पोक काढल्यासारखा बसतो. अ‍ॅनोफिलिसची सोंड, छाती व पोट एका रेषेत येऊन तो तिरका, काट्यासारखा रोवलेला दिसतो. अळ्यांतही असाच भेद आहे. क्यूलेक्सची अळी शेपटाकडील श्वासनलिका वर करून पाण्यात उलटी लोंबते, तर अ‍ॅनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर तरंगते. अर्जुनी मोरगावसारख्या धानाच्या व तलावांच्या प्रदेशात बांधीतील किंवा बोडीतील पाणी ओंजळीत घेऊन कोणासही हा फरक पाहता येईल.

ऑगस्टच्या मध्यास अळ्यांपासून वाढविलेले काही तपकिरी, ठिपकेदार पंखांचे डास रॉस यांना मिळाले. हुसेन खान नावाच्या रोग्यास दर डासामागे एक आणा देऊन ते त्याला चावू दिले गेले. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भित्तिकेत काळे रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी विच्छेदिलेल्या डासात त्या आणखी मोठ्या होत्या. म्हणजे परजीवी वाढत होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा वृत्तांत छापला गेला. २० ऑगस्ट हा दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

कलकत्त्यातील प्रयोग

यशाच्या ऐन क्षणी रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाड्यास झाली आणि काम थांबले. १८९८ च्या आरंभी मॅन्सन यांच्या खटपटीने ते कलकत्त्यास आले. प्लेगच्या लसीच्या धास्तीने तेथील लोक सुई टोचून घेण्यास तयार नव्हते, म्हणून रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. मोहम्मद बक्ष या साहाय्यकासह त्यांनी परजीवीचा मार्ग डासाच्या जठरापासून लाळग्रंथींपर्यंत शोधला आणि डास चाववून निरोगी चिमण्यांत रोग उत्पन्न करून दाखविला. पाणी पिण्याने नव्हे, तर दंशाने हिवताप होतो हे सिद्ध झाले. येथे उपयोगी पडला तो पूर्वी निरुपयोगी ठरलेला करडा डासच.

वाद आणि उत्तरायुष्य

मानवी हिवताप अ‍ॅनोफिलिसमुळे पसरतो हे इटलीतील जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९८ च्या अखेरीस दाखविले. ग्रासी प्राणिशास्त्रज्ञ असल्याने त्यांनी डासाचे शास्त्रीय नाव निश्चित सांगितले. रॉस यांना ते सांगता आले नव्हते. नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रॉस यांना मिळाले. पुढील आयुष्यात रॉस यांनी ग्रासींवर केलेली टीका त्यांच्या लौकिकाला शोभणारी नव्हती.

१८९९ मध्ये नोकरी सोडून रॉस लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत अध्यापक झाले. सिएरा लिओन, इस्माइलिया व मॉरिशस येथे त्यांनी डासनिर्मूलनाचे मार्गदर्शन केले. रोगप्रसाराचे गणित त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिवताप-प्रतिबंधावरील ग्रंथात मांडले. डासांचे प्रमाण एका मर्यादेखाली आणले की, सर्व डास नष्ट न होताही, रोग ओसरतो असा त्यांचा निष्कर्ष होता. १९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. कलकत्त्यात त्यांच्या प्रयोगशाळेजवळ उभारलेल्या स्मारकद्वाराचे अनावरण १९२७ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले.