फर्डिनांड पोर्श
फर्डिनांड पोर्श (३ सप्टेंबर, १८७५ – ३० जानेवारी, १९५१) हे बोहेमियात जन्मलेले मोटार अभियंता व फोक्सवॅगन बीटलचे रचनाकार होते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची चाकांतच विद्युत मोटर बसवलेली मोटारगाडी मांडली गेली. हेच तत्त्व त्यांनी दुसऱ्या महायुद्धात टायगर रणगाड्याच्या आपल्या आराखड्यात वापरले. त्यात पेट्रोल इंजिने वीज निर्माण करीत व प्रत्येक साखळीपट्टा स्वतंत्र मोटरवर फिरे. यंत्रणा वारंवार बिघडल्याने हेन्शेलचा आराखडा निवडला गेला. पोर्श यांच्या सुमारे ९० सांगाड्यांपासून 'फर्डिनांड' ही रणगाडाविरोधी वाहने बनवून १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरवण्यात आली. ते संचालक असलेल्या फोक्सवॅगन कारखान्यात युद्धकाळात वेठबिगार राबवले गेले. युद्धानंतर ते सुमारे २० महिने फ्रान्सच्या कैदेत होते. रेडिओ-नियंत्रित रणगाड्यांच्या प्रतिकृतींमध्ये आज सामान्यतः प्रत्येक साखळीपट्ट्यास स्वतंत्र मोटर असते.