कमी खाऊनही वजन का बदलते? महाराणी सिसीची गोष्ट

“डॉक्टर, मी काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही. उलट या आठवड्यात दोन किलो वाढले.” ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. घरच्यांना वाटते, पेशंट लपून खात असेल. पेशंटला वाटते, अजून कमी खायला हवे. बऱ्याचदा दोघांचाही अंदाज चुकतो. हे समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका महाराणीचे आयुष्य पाहू.

सोळाव्या वर्षी सम्राज्ञी

एलिझाबेथचा जन्म २४ डिसेंबर १८३७ रोजी म्युनिक येथे झाला. घरात तिला सिसी म्हणत. वडील बव्हेरियाच्या राजघराण्यातले, पण दरबारी रीतिरिवाजांचा त्यांना कंटाळा. त्यामुळे सिसीचे बालपण श्टार्नबर्ग सरोवराकाठच्या पोसेनहोफेन येथे घोडे, कुत्री आणि डोंगरवाटा यांच्या सोबतीने मोकळेपणी गेले.

१८५३ मध्ये ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्यासाठी तिची थोरली बहीण हेलेन हिचे स्थळ ठरत होते. सम्राटाला मात्र धाकटी आवडली. २४ एप्रिल १८५४ रोजी व्हिएन्नात लग्न झाले, तेव्हा सिसी सोळा वर्षांची होती. सासू सोफी ही तिची सख्खी मावशी. नाते जवळचे असले तरी शिस्त कडक होती. पहिली मुले झाल्यावर त्यांचे संगोपन सासूने स्वतःच्या हाती घेतले.

१८५७ मध्ये सिसीने हट्टाने मुलींना हंगेरीच्या दौऱ्यावर नेले. तेथे थोरली मुलगी आजारी पडून दगावली. ती अवघी दोन वर्षांची होती. या धक्क्यानंतर सिसी खचली, एकटी राहू लागली, तिचे अन्नावरचे मन उडाले. पुढच्याच वर्षी मुलगा रुडॉल्फ झाला, पण तिची प्रकृती सुधारली नाही.

काटा, कॉर्सेट आणि व्यायाम

सिसीची उंची सुमारे १७२ सेंटीमीटर होती आणि वजन बहुतेक काळ पन्नास किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी. आजच्या हिशेबाने तिचा बीएमआय १७ च्या जवळपास येतो. निरोगी प्रौढासाठी तो किमान १८.५ असावा लागतो. म्हणजे लोक जिला युरोपातली सर्वांत सुंदर सम्राज्ञी म्हणत, तिचे शरीर वैद्यकीय दृष्टीने कुपोषित होते.

ती रोज वजन करून त्याची नोंद ठेवत असे. काटा थोडा वर गेला की जेवण आणखी कमी होई. कधी कधी दिवस केवळ दूध, संत्री किंवा मांस दाबून काढलेल्या रसावर जाई. कमरेला घट्ट कॉर्सेट आवळलेला असे. व्हिएन्नाच्या राजवाड्यात तिने स्वतःसाठी व्यायामाची खोली करून घेतली होती. ती साधने आजही तेथे पाहायला मिळतात. तासन् तास घोडेस्वारी आणि पुढे सांध्यांच्या दुखण्यामुळे घोडा सुटल्यावर तासन् तास वेगाने चालणे हा तिचा क्रम होता. सोबतच्या दासींची दमछाक होई.

इतक्या वर्षांनंतर कोणाचेही पक्के निदान करता येत नाही. पण अशी लक्षणे घेऊन आज कोणी आले, तर डॉक्टर खाण्याशी संबंधित मानसिक आजाराचा विचार नक्की करतील.

पाय का सुजले?

१८६० साली फुफ्फुसाच्या आजाराच्या शंकेने सिसीला मदेरा बेटावर पाठवण्यात आले. तेथून परतल्यावर पुन्हा तब्येत बिघडली, मग कॉर्फू, मग व्हेनिस. व्हेनिसमध्ये तिचे पाय सुजले. डॉक्टरांनी रक्त कमी झाल्याचे सांगितले आणि तिला किसिंगेनच्या झऱ्यांवर उपचारासाठी पाठवले.

१८८९ मध्ये तिचा एकुलता एक मुलगा रुडॉल्फ याने मायरलिंग येथे आत्महत्या केली. त्यानंतर सिसी कायम काळे कपडे घालू लागली आणि देशोदेशी फिरत राहिली. खाणे आणखी घटले. त्या काळात व्हिक्टर आयझेनमेंगर या डॉक्टरांनी तिला तपासले. हृदयाच्या एका जन्मजात आजाराला आज ज्यांचे नाव आहे, तेच हे आयझेनमेंगर. त्यांना तिच्या घोट्यांवर सूज आढळली आणि ती उपासमारीची सूज असल्याचे त्यांनी ओळखले. अशी सूज पुढे पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईने त्रस्त झालेल्या असंख्य लोकांत दिसली.

एक सम्राज्ञी, जिच्या स्वयंपाकघरात कशाचीच कमतरता नव्हती, तिला दुष्काळातल्या माणसाचा आजार झाला होता.

शरीरात नेमके काय घडते?

पुरेसे अन्न मिळाले नाही की शरीर आधी साठवलेली साखर वापरते. या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. म्हणून पहिल्या काही दिवसांत वजन झपाट्याने उतरते. ती चरबी नसते, बरेचसे पाणी असते. पुन्हा भात-पोळी खाल्ली की तेवढेच वजन लगेच परत येते.

उपासमार लांबली की चरबीसोबत स्नायूही झिजतात. शरीर ऊर्जेचा खर्च कमी करते : नाडी मंदावते, थंडी वाजते, थकवा येतो. त्यामुळे वजन उतरण्याचा वेग कमी होतो. याच वेळी पेशींच्या बाहेर पाणी साचू लागते. रक्तातील प्रोटीन कमी होणे हे त्याचे एक कारण, पण एकमेव नाही. आतले मांस झिजते आणि पाणी मात्र तेवढेच राहते किंवा वाढते. काट्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी हे प्रत्यक्ष मोजले. ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने रोज साधारण १५७० कॅलरी दिल्या. त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांश घटले. अनेकांचे पाय सुजले आणि त्या सुजेने खरी झीज काही अंशी झाकली. पुन्हा अन्न वाढवल्यावर सूज उतरत असल्याने सुरुवातीला वजन म्हणावे तसे वाढले नाही. हे तरुण उदास, चिडचिडे झाले आणि अन्नाशिवाय त्यांना काही सुचेना. म्हणजे उपासमारीचा परिणाम मनावरही होतो.

आता सिसीच्या दिनक्रमाकडे पाहा. काट्यावर वाढलेल्या वजनात पाणी किती हे तिला कळणे शक्य नव्हते. तरी वजन वाढले की ती अन्न तोडत असे. हे चक्र अनेक वर्षे चालले.

१० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हा येथे बोटीकडे चालत जाताना लुइजी लुकेनी याने तिच्या छातीत धारदार कानस खुपसली. ती उठली, बोटीपर्यंत चालत गेली आणि मग कोसळली. ती साठ वर्षांची होती. तिचा अंत खुन्याच्या हातून झाला, पण तिच्या शरीराची झीज त्याआधी अनेक वर्षे सुरू होती.

तुमच्यासाठी आणि घरच्यांसाठी

पुढीलपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना दाखवा :

• नडगीवर किंवा घोट्यावर बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो.
• दोन-तीन दिवसांत दोन किलो किंवा अधिक वजन वाढते. सोबत दम लागत असेल तर त्याच दिवशी जा.
• प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून अधिक घटते.
• पाळी थांबते, चक्कर येते, केस गळतात, सतत थंडी वाजते.
• जेवण टाळणे, वारंवार वजन करणे, अति व्यायाम ही लक्षणे दिसतात.

सूज म्हणजे उपासमारच असे नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड यांचे आजार आणि स्टिरॉइडसारखी औषधेही कारण असू शकतात. वजन घटण्यामागे मधुमेह किंवा क्षयरोग असू शकतो. म्हणून रक्त आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. स्वतःच्या मनाने लघवी होण्याची गोळी घेऊ नका.

अनेक दिवस अत्यल्प खाल्लेल्या माणसाला एकदम पोटभर जेवायला लावू नका. रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतात. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो. या काळात काही दिवस सूज वाढली तरी घाबरून पुन्हा जेवण बंद करू नका.

आणि घरातले कोणी “काही खात नाही, पण वजन ठीक आहे” असे म्हणत असेल, तर काट्यावर विसंबू नका. त्या व्यक्तीचे पाय पाहा, चेहरा पाहा, शांतपणे विचारपूस करा. रागावल्याने किंवा ताटावर पहारा ठेवल्याने हा आजार बरा होत नाही. मानसिक आधारासाठी टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. सिसीच्या काळात या आजारावर आजच्यासारखे उपचार नव्हते. आज आहेत, आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले.