डॉ. सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर

कर्करोग हा शब्द कानी पडताच माणसाच्या पोटात गोळा उठतो. परंतु त्याच कुळात जन्मूनही कुळाची रीत न पाळणारी काही अर्बुदे आहेत. त्यांना प्रथम नाव देणारे डॉ. सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर वैद्यकशास्त्रात सुप्रसिद्ध असले, तरी आपल्या घराघरांतून त्यांचे नाव क्वचितच निघते. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१८७६ साली जर्मनीतील म्युनिक शहरी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचे शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी विकृतिशास्त्र हा विषय पत्करिला. या शास्त्रातील वैद्याच्या वाट्यास रोग्याचे आशीर्वाद फारसे येत नाहीत. शवविच्छेदन करावे, रोगट भागाचे पातळ काप काढावे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास न्याहाळावे, हा त्याचा नित्यक्रम.

असे करता करता लहान आतड्यात वाटाण्याएवढ्या गाठी त्यांच्या दृष्टीस पडल्या. कित्येकदा एकाच आतड्यात अशा अनेक गाठी असत. लांगहान्स यांनी १८६७ मध्ये आणि लुबार्श यांनी १८८८ मध्ये अशा गाठी पाहिल्या होत्या, परंतु त्यांना वेगळे स्थान मिळाले नव्हते. १९०७ साली ड्रेस्डेन येथे भरलेल्या विकृतिशास्त्रज्ञांच्या सभेत ओबर्नडॉर्फर यांनी सहा रोग्यांचा वृत्तांत मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी कर्करोगासारख्या दिसतात, पण त्या अतिशय मंद वाढतात आणि अन्यत्र पसरत नाहीत, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी त्यांस ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखे, हे नाव दिले.

नाव रूढ झाले. पुढे म्युनिकच्या श्वाबिंग रुग्णालयात विकृतिशास्त्राचे प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. या काळात आणखी रोगी पाहण्यात आले, आणि १९२९ साली छत्तीस रोग्यांच्या आधारे त्यांनी लिहिले की या गाठी घातक होऊ शकतात आणि पसरूही शकतात. ज्या ग्रंथमालेत हे प्रसिद्ध झाले तिचे एक संपादक पूर्वोक्त लुबार्शच होते! बावीस वर्षे ज्या मताने आपली कीर्ती झाली ते मत स्वतःच्या हाताने दुरुस्त करणे, हे आम्हांस मूळ शोधाहूनही मोठे वाटते. निरुपद्रवी म्हणून सोडून दिलेली गाठ पुढे यकृतात पोचली, तर भोगावे लागते ते रोग्यास.

१९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली आणि ज्यू असल्याच्या कारणावरून या विद्वानास पदच्युत करण्यात आले. त्याच वर्षी तुर्कस्तानात अतातुर्क यांनी इस्तंबूलच्या विद्यापीठाची नव्याने उभारणी चालविली होती. परागंदा झालेल्या अनेक जर्मन प्राध्यापकांस तेथे आश्रय मिळाला, त्यांत ओबर्नडॉर्फर हेही होते. साठीकडे झुकलेल्या वयात, परक्या मुलखात, त्यांनी पुनश्च अध्यापन आणि कर्करोगाचे संशोधन आरंभिले. १९४४ साली इस्तंबूल येथेच छातीतील अर्बुदाने त्यांचा अंत झाला.

या रोगाचे पुढचे ज्ञान त्यांच्या पश्चात आले. ही अर्बुदे आतड्यातील अशा पेशींपासून उद्भवतात, की ज्यांचा संबंध मज्जासंस्थेशीही आहे आणि अंतःस्रावांशीही. १९५३ साली त्यांत सेरोटोनिन हे द्रव्य सापडले. अर्बुद आतड्यापुरते असेल तोवर यकृत ही द्रव्ये नाहीशी करते. ते यकृतातच पसरले, म्हणजे ती सर्व शरीरात जातात. मग चेहरा एकाएकी लाल होतो, जुलाब थांबत नाहीत आणि पुढे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही बिघडतात.

गाठ वेळीच सापडली तर आतड्याचा तो भाग आणि लगतच्या लसीका ग्रंथी शस्त्रक्रियेने काढतात, आणि कित्येक रोगी पूर्ण बरे होतात. पसरलेला रोग सहसा समूळ जात नाही. तथापि पेशी मंद गतीने विभागत असतील तर अनेक रोगी वर्षानुवर्षे जगतात. ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनांनी लक्षणे आटोक्यात येतात, आणि त्याने रोगाची वाढही लांबते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

याच जातीच्या औषधास किरणोत्सर्गी ल्युटेशियम जोडले, तर ते अर्बुदाच्या पेशींना चिकटून त्यांच्यावर नेमका मारा करते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २२९ रोग्यांच्या चाचणीत, या उपचाराने वीस महिन्यांनंतर सुमारे ६५ टक्के रोग्यांचा रोग वाढलेला नव्हता. केवळ ऑक्ट्रिओटाइड वाढीव मात्रेत घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. हे ल्युटेशियम आपल्या देशातही, मुंबईतील तुर्भे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीत, तयार करण्यात आले आहे.