विश्लेषण : वाघासाठी कोणती गोळी? जिम कॉर्बेट यांचा अनुभव काय सांगतो?

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव-पांढरकवडा परिसरात १३ जणांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरलेली ‘टी-१’ अर्थात अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. नरभक्षकावर गोळी कोणी आणि कशी चालवावी, असा प्रश्न आला की जिम कॉर्बेट यांचे नाव निघतेच.

चंपावतमध्ये काय घडले?

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. बिहारमधील मोकामा घाटावर ते रेल्वेच्या मालाची चढउतार सांभाळत. १९०७ मध्ये ४३६ बळी घेतल्याची नोंद असलेल्या चंपावतच्या वाघिणीसमोर ते उभे ठाकले, तेव्हा हाती .५०० बोअरची ताकदवान रायफल होती, पण काडतुसे तीनच. ती संपली तरी जखमी वाघीण पडली नव्हती. शेवटचा बार त्यांना तहसीलदारांची बंदूक मागून घेऊन काढावा लागला.

तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले. नेहमीचे भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे कुणाच्या तरी चुकलेल्या गोळीची किंमत शेकडो गावकऱ्यांनी मोजली.

मग निवड कशी बदलली?

या कामगिरीबद्दल त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. तिची गोळी सुमारे १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमची. त्यांच्याच .४५०/४०० दुनळी रायफलची गोळी ४०० ग्रेनची, जवळपास तिप्पट जड. दुनळीत दुसरा बार लगेच काढता येतो आणि जड गोळी धक्काही मोठा देते. रिग्बी मात्र हलकी, डोंगरात दिवसभर वागवता येणारी आणि नेमकी. रुद्रप्रयागचा बिबट्या (१९२६) आणि चौगडची वाघीण (१९३०) त्यांनी तिनेच टिपली. चौगडला तर एका हातात पक्ष्याची अंडी असल्याने रायफल एकाच हाताने चालवावी लागली. हलकी गोळी पुरते, पण मर्मस्थानी बसली तरच.

आज याचे महत्त्व काय?

कॉर्बेट १९४७ मध्ये केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच वारले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वाघाच्या शिकारीला बंदी आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वाघ मारायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. अशा वेळी योग्य बोअरचे शस्त्र आणि निष्णात नेमबाज, दोन्ही हवेत. जखमी होऊन निसटलेला वाघ पुढच्या गावासाठी अधिक धोकादायक ठरू शकतो.